गे बार बंद पडण्याचे श्रेय स्वीकृतीला देता येणार नाही

गेल्या काही काळापासून एक दावा मराठी वाचकांमध्ये मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. तो थोडक्यात असा: लंडन, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क अशा शहरांतील गे बार आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या वस्त्या एकामागून एक नाहीशा होत आहेत, कारण समाजाने समलिंगी व्यक्तींना आता आपलेसे केले आहे, उरलेली गरज मोबाइलवरच्या ओळखी जुळवणाऱ्या ॲपने भागवली, जुन्या कळकट गल्ल्यांचा पुनर्विकास झाला, त्यात कोणाचेच काही बिघडले नाही, आणि भारतात 2018 मध्ये कलम 377 मधून सज्ञानांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले गेल्यावर वेगळ्या जागांची आणि प्राइड मोर्चांची गरजच संपली आहे. नागपुरात ज्यांनी हा मजकूर मला पाठवला ते बहुतेक भले लोक आहेत आणि आनंदाची बातमी म्हणूनच त्यांनी तो पुढे धाडला. त्यामुळे त्यातील एकेक विधान तपासून उत्तर देणे मला आवश्यक वाटते. मी स्वतः समलिंगी आहे, याच शहरात वाढलो आणि येथेच राहतो. हा विषय माझ्यासाठी दूरदेशीच्या बातमीपुरता नाही.

जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अर्बन लॅबोरेटरीने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार लंडनमधील एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी आणि तृतीयपंथी) समुदायाच्या बार, पब आणि क्लबांची संख्या 2006 मध्ये 121 होती, ती सुमारे दशकभरात 51 वर आली, म्हणजे 58 टक्क्यांनी घटली. अमेरिकेत ओबर्लिन कॉलेजातील समाजशास्त्रज्ञ ग्रेगर मॅटसन यांनी डॅमरन या समलिंगी प्रवाशांसाठीच्या जुन्या मार्गदर्शिकेतील नोंदी मोजल्या, तेव्हा 2007 ते 2019 या काळात गे बारच्या नोंदी सुमारे 37 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. या घटीत स्वीकृतीचा काहीच वाटा नाही असेही मी म्हणणार नाही. अमीन घझियानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की अनेक समलिंगी स्त्रीपुरुष आता एकाच वस्तीत एकवटून न राहता शहरभर विखुरले आहेत आणि सर्वसाधारण ठिकाणीही पूर्वीपेक्षा निर्धास्तपणे जातात. हा बदल खरा आहे आणि तो चांगलाही आहे. प्रश्न एवढाच आहे की त्यामुळेच बार बंद पडले का.

त्याच लंडनच्या अहवालात तुलनेसाठी आणखी काही आकडे दिले आहेत, आणि दावा करणारे ते नेमके वगळतात. 2005 ते 2015 या दशकात संपूर्ण ब्रिटनमधील नाइटक्लबांची संख्या 44 टक्क्यांनी घटली. 2007 ते 2016 या काळात लंडनमधील लहान संगीतस्थळे 35 टक्क्यांनी कमी झाली. आणि 2001 ते 2016 या काळात ब्रिटनमधील पब 25 टक्क्यांनी कमी झाले. या ठिकाणी जाणारे बहुसंख्य लोक भिन्नलिंगी होते आणि समाजाने त्यांना स्वीकारावे म्हणून त्यांना कधी वाट पाहावी लागली नव्हती, तरीही त्यांची ठिकाणे बंद पडली. याचा अर्थ असा की रात्री चालणाऱ्या सगळ्याच व्यवसायांवर कोसळलेले एक संकट गे बारांवरही कोसळले, आणि त्यांच्यावर ते अधिक जोराने कोसळले. समजावून सांगायचे आहे ते हे ‘अधिक’.

त्यासाठी आधी कोणाचे बार बंद पडले, हे पाहावे लागते. दाव्यातील तर्क बरोबर असता तर ज्यांना समाजाने सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त स्वीकारले त्यांचे बार सर्वांत आधी ओस पडले असते. अमेरिकेत असा वर्ग म्हणजे चांगल्या पगाराचे, गोरे, शहरी समलिंगी पुरुष. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे. मॅटसन यांच्या मोजणीत एकूण घट 37 टक्क्यांच्या आसपास असताना स्त्रियांच्या बारच्या नोंदी जवळपास 52 टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीय व इतर गौरेतर लोकांच्या बारच्या नोंदी जवळपास 59 टक्क्यांनी घटल्या होत्या. ज्यांना स्वीकृती सर्वांत कमी मिळाली त्यांच्या जागा सर्वांत वेगाने गेल्या. स्वीकृतीच्या सिद्धान्तात याला काहीच उत्तर नाही. पैशाच्या आणि जागेच्या मालकीच्या हिशेबात मात्र ते सरळ सापडते. स्त्रियांचे सरासरी उत्पन्न कमी, कृष्णवर्णीय कुटुंबांची मालमत्ता कमी, त्यामुळे त्यांच्या बारमागे भांडवल कमी आणि गिऱ्हाइकाच्या खिशातही पैसा कमी. भाडे वाढले की पहिला धक्का तेथेच बसणार.

सॅन फ्रान्सिस्कोमधील लेक्सिंग्टन क्लब हा स्त्रियांचा बार 1997 मध्ये सुरू झाला आणि 2015 मध्ये बंद झाला. मिशन या भागातील भाडी इतकी वाढली की बारमध्ये येणाऱ्या स्त्रियांनाच त्या परिसरात राहणे परवडेनासे झाले, हे कारण मालकिणीने तेव्हा जाहीरपणे सांगितले होते. गिऱ्हाइके सुखावून घरी बसली नव्हती, त्यांना वस्तीतून उठावे लागले होते. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधील ज्युएल्स कॅच वन हा क्लबही त्याच्या संस्थापिकेच्या हातून गेला. 1973 पासून कृष्णवर्णीय समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांचा तो मोठा आधार होता. आणि 2015 हेच ते वर्ष, ज्याच्या 26 जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. दोन्ही गोष्टी एका वर्षात घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे मानण्याचा मोह होतो, पण लेक्सिंग्टनचा जमाखर्च त्याला दुजोरा देत नाही.

या दाव्यामागे आणखी एक गृहीतक आहे: द्वेष होता म्हणून बार होते, द्वेष ओसरला म्हणून बारही ओसरले. इतिहास पाहिला तर हे गृहीतकही टिकत नाही. 1960 च्या दशकात, दडपणूक सर्वांत कडक होती तेव्हा, न्यूयॉर्कमध्ये समलिंगी गिऱ्हाइकांना दारू देणाऱ्या बारचा परवाना धोक्यात येत असे. त्यामुळे असे बार मोजके होते आणि त्यांतील बरेच माफियांच्या हातात होते. 28 जून 1969 च्या पहाटे पोलिसांच्या धाडीला जेथे प्रतिकार झाला ते स्टोनवॉल इन हे त्यांपैकीच एक, आणि त्याच्याकडे दारूविक्रीचा परवाना नव्हता. बारांच्या मोठ्या वस्त्या उभ्या राहिल्या त्या दडपण सैल होऊ लागल्यावर. सॅन फ्रान्सिस्कोचा कॅस्ट्रो परिसर 1970 च्या दशकात बहरला, त्याच दशकात, 1975 मध्ये, कॅलिफोर्नियाने खासगी समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून काढले, आणि 1977 मध्ये त्याच परिसराने उघडपणे समलिंगी असलेल्या हार्वी मिल्क यांना नगरमंडळावर निवडून दिले. इंग्लंडमध्ये 1967 साली कायदा अंशतः बदलला, तर लंडनच्या सोहो भागातील ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट समलिंगी लोकांचा रस्ता म्हणून 1990 च्या दशकात गजबजला. तैवानने 2019 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली, आणि तेथील राजधानी तैपेईतल्या रेड हाउस या जुन्या इमारतीमागील अंगणातले समलिंगी बार त्यानंतरही चालू राहिले. स्वीकृतीने लोकांना उजेडात येऊन बसण्याचे धाडस दिले आणि त्यातून ठिकाणे वाढली, हे या साऱ्यातून दिसते. ज्या कारणाने ती वाढली त्याच कारणाने ती बुडाली असे म्हणायचे असेल तर त्यासाठी वेगळा पुरावा हवा, आणि तो दाव्यात कोठेही दिलेला नाही.

आता पुनर्विकासाचा मुद्दा घेतो, कारण माझ्या मते खरे कारण येथे आहे आणि दाव्यात त्याला एका वाक्यात उरकले आहे. गे बार ज्या भागांत सुरू झाले ते भाग स्वस्त होते, म्हणूनच तेथे सुरू झाले. कॅस्ट्रोतील आयरिश कामगार कुटुंबे उपनगरांत निघून गेली होती आणि घरे रिकामी होती. सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेकडील भागात गोदामे ओस पडली होती. सोहोची कीर्ती बदनाम वस्ती अशी होती. ज्यांना इतरत्र कोणी जागा देत नव्हते त्यांनी या जागा भाड्याने घेतल्या, सजवल्या, रात्री दिवे लावले, रस्त्यावर वर्दळ आणली. त्या वर्दळीने परिसराची किंमत वाढली. वाढलेली किंमत गेली जागेच्या मालकाकडे. बार बहुधा भाडेकरू असतो. कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली की परिसर ज्याने नावारूपाला आणला त्यालाच नवे भाडे परवडत नाही. शिवाय शेजारच्या जुन्या इमारतींचे महागडे फ्लॅट होतात, तेथे राहायला आलेली कुटुंबे रात्रीच्या आवाजाची तक्रार करतात, परवान्याच्या वेळा आखडतात, धंदा अर्ध्यावर येतो, आणि मग मालक म्हणतो की खाली बार ठेवण्यापेक्षा सगळीच इमारत राहण्यासाठी विकलेली बरी. या साखळीत कोणालाही समलिंगी लोकांचा द्वेष करावा लागत नाही. आणि द्वेष नाही म्हणून ही साखळी थांबतही नाही.

कधी ही जबाबदारी थेट सरकारी प्रकल्पावर येते. लंडनमधील अस्टोरिया या सभागृहात जी-ए-वाय नावाचा मोठा गे क्लब भरत असे. क्रॉसरेल या रेल्वे प्रकल्पासाठी ती इमारत 2009 मध्ये बंद करून पाडण्यात आली आणि आसपासची आणखी काही समलिंगी ठिकाणेही त्याच कामात गेली. पूर्व लंडनमधील जॉइनर्स आर्म्स हा समलिंगी लोकांचा पब जानेवारी 2015 मध्ये बंद झाला, कारण त्या जागी नवी इमारत उभी करायची होती; त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅम्डेनमधील ब्लॅक कॅप या तशाच पबलाही कुलूप लागले. या ठिकाणांच्या दाराशी गर्दी कमी झाली नव्हती, आणि ती बंद होताना लोक विरोधासाठी रस्त्यावर उतरले होते. गरज संपली असती तर हे लोक कशासाठी उतरले?

विरोधाला जेथे नियमांचा आधार मिळाला तेथे काय झाले, हे अधिक महत्त्वाचे आहे. लंडनमधील रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न या समलिंगी लोकांच्या पबची इमारत 2014 मध्ये एका विकासकाने विकत घेतली. सप्टेंबर 2015 मध्ये तिला एलजीबीटी इतिहासातील महत्त्वासाठी वारसा इमारतीचा दर्जा मिळाला आणि पब टिकला. जॉइनर्स आर्म्सच्या जागेवरील प्रकल्पाला परवानगी देताना टॉवर हॅम्लेट्स या तेथील स्थानिक परिषदेने 2017 मध्ये नव्या इमारतीत एलजीबीटी ठिकाणासाठी जागा राखण्याची अट घातली. लंडनच्या महापौरांनी त्याच वर्षी अशा ठिकाणांसाठी सनद जाहीर केली, आणि 2018 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात हे तत्त्व आले की जुन्या पबशेजारी नवी घरे बांधणाऱ्यानेच आवाजापासून बचावाची सोय करावी. पुढच्या मोजणीत लंडनमधील ठिकाणांची घसरण थांबल्याचे दिसले. लोकांच्या मनातील स्वीकृती त्या एका वर्षात कमी झाली म्हणून हे घडले, असे कोणी म्हणणार नाही. बांधकामाचे नियम बदलले, मालकाशी बोलणी करायला भाडेकरूच्या हाती काही आले, आणि घट मंदावली. सॅन फ्रान्सिस्कोतील द स्टड हा 1966 पासूनचा बार 2016 मध्ये इमारत विकली गेल्यावर आणि भाडे दुपटीहून अधिक झाल्यावर बंद पडण्याच्या बेतात होता. कलाकार आणि कर्मचाऱ्यांच्या 18 जणांच्या गटाने एकत्र येऊन तो विकत घेतला. साथीच्या काळात 2020 मध्ये त्यांना जागा सोडावी लागली, पण 2024 मध्ये त्यांनी तो दुसऱ्या जागी पुन्हा सुरू केला.

ॲपच्या मुद्द्याला तुलनेने कमी जागा पुरे आहे. समलिंगी पुरुषांची गाठ घालून देणारे ग्राइंडर हे ॲप मार्च 2009 मध्ये आले. लंडनमधील मोजणी 2006 पासूनची आणि अमेरिकेतील 2007 पासूनची आहे. म्हणजे मोजलेल्या काळातील पहिली दोनतीन वर्षे हे ॲप नव्हतेच. त्याआधी संकेतस्थळे होती हे खरे, आणि त्यांनी काही जणांचे बारमध्ये जाणे कमी केले असेल. पण ॲपने दोन माणसे भेटतात, एक समुदाय भेटत नाही. जो नुकताच स्वतःला ओळखू लागला आहे त्याला तेथे वडीलधारे कोणी दिसत नाही, भांडण झाले तर मध्ये पडणारे कोणी नसते. भारतात तर ॲपचा अनुभव अनेकांसाठी भीतीचा आहे: खोट्या नावाने बोलावून घ्यायचे, चित्रफीत काढायची आणि घरी कळवण्याची धमकी देऊन पैसे उकळायचे, अशा टोळ्यांचे गुन्हे अनेक शहरांत नोंदले गेले आहेत. तक्रार करावी तर ठाण्यात स्वतःची ओळख सांगावी लागते. म्हणून आमच्यातील जाणती मंडळी नव्या मुलांना सांगतात की पहिली भेट चारचौघांत, चहाच्या टपरीवर किंवा मॉलमध्ये घ्या, आणि कोठे जातो आहोत ते एका मित्राला सांगून ठेवा. म्हणजे ॲप असूनही जागेची गरज उरतेच. ॲपमुळे ती कमी झाली नाही, उलट सुरक्षित जागेची निकड वाढली.

स्वीकृती पूर्ण झाली या विधानाबद्दल एकच गोष्ट नोंदवतो. अमेरिकेत विवाहाला मान्यता मिळून एक वर्षही झाले नव्हते, तेव्हा 12 जून 2016 रोजी ऑरलँडोतील पल्स या गे क्लबमध्ये 49 जणांची हत्या झाली. नोव्हेंबर 2022 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्सच्या क्लब क्यू या तशाच क्लबमध्ये 5 जण मारले गेले.

आता नागपूर. दाव्याचा शेवटचा भाग मला सर्वांत अधिक खटकतो, कारण लंडनची घट दाखवून आमच्या शहरातील गरज नाकारण्यासाठी तो वापरला जातो. नागपुरात पाटी लावून चालणारा गे बार कधीच नव्हता. जे कधी उभेच राहिले नाही ते बंद पडण्याचा प्रश्न येत नाही, आणि ते नसण्याला स्वीकृतीचे प्रमाणपत्रही म्हणता येत नाही. मुंबईत 1990 च्या दशकापासून बॉम्बे दोस्त हे समलिंगी लोकांचे नियतकालिक, हमसफर ट्रस्ट ही संस्था, पुढे पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट असे काम उभे राहिले. मुंबईत ठरावीक रात्री समलिंगी लोकांसाठी खुल्या असणाऱ्या पार्ट्या होत आल्या. नागपूरला यांपैकी फार थोडे पोहोचले, आणि जे पोहोचले ते आरोग्याच्या वाटेने पोहोचले.

‘मग तुम्हाला नागपुरात बार हवा आहे का’ असे मला विचारले जाते. माझे उत्तर असे आहे की पाश्चात्त्य शहरांत या जागेला बारचे रूप आले, कारण तेथे अनोळखी माणसांना रात्री एकत्र बसता येईल अशी बहुधा तीच एक जागा होती. आपल्याकडे ‘बार अँड परमिट रूम’ ही पुरुषांची, घाईची, अंधारी जागा आहे; फॅमिली सेक्शन असला तरी त्यात कुटुंब म्हणून ओळखले जाणारेच बसू शकतात. विदर्भाचा विचार केला तर वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, चंद्रपुरातही 2015 ते 2021 या काळात ती होती. या जिल्ह्यांतून, भंडारा, गोंदिया, यवतमाळमधून मुले शिकायला आणि नोकरीला नागपूरला येतात. त्यांना दारू नको असते. पहिल्यांदा आपल्यासारखा कोणी समोर बसलेला पाहायचा असतो.

अशी जागा नागपुरात ज्यांनी दिली त्यांत एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पांतील ड्रॉप-इन सेंटरचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या योजनेत पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी अशा केंद्रांची तरतूद आहे, आणि सारथी ट्रस्टसारख्या संस्थेने नागपुरात या समुदायासाठी वर्षानुवर्षे काम केले आहे. कागदावर हे केंद्र तपासणी, समुपदेशन आणि निरोध वाटपासाठी असते. प्रत्यक्षात भाड्याच्या त्या खोलीत लोक चटईवर बसून तासन्‌तास बोलतात, घरी लावता येत नाही ती टिकली लावून आरशात पाहतात, कोणाचे लग्न जबरदस्तीने ठरते आहे त्यावर उपाय शोधतात. परंतु ही जागा आजाराच्या अंदाजपत्रकावर उभी आहे. निधीचा हप्ता लांबला की भाडे थकते. इमारतीतील रहिवाशांना कामाचे स्वरूप कळले की कुजबुज सुरू होते आणि अकरा महिन्यांचा करार पुन्हा होत नाही. शिवाय समलिंगी स्त्रियांना या योजनेत जागाच नाही, कारण संसर्गाच्या हिशेबात त्या बसत नाहीत. त्या कोठे भेटतात, हा प्रश्न या शहराने अजून विचारलेलाही नाही.

या खोलीखेरीज उरतात त्या उघड्या जागा: बागा, तलावाचे काठ, स्थानकाजवळचे कट्टे. त्यांची नावे मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा नावांचा उपयोग लुबाडणाऱ्यांना होतो. या जागा फार चांगल्या होत्या असे मी म्हणत नाही. तेथे मारहाण आणि लूट होत आली आहे आणि पोलिसांची भीती सतत असायची. पण ज्याच्याकडे मोबाइलमध्ये पैसे नाहीत, स्वतःची खोली नाही, त्याच्यासाठी त्या होत्या. गेल्या काही वर्षांत मेट्रो, उड्डाणपूल, सुशोभीकरण यांनी शहराचा चेहरा बदलला. उद्यानांना फाटके, ठरावीक वेळा, कॅमेरे आणि रखवालदार आले. मेट्रो मलाही हवी होती आणि मी ती वापरतो. परंतु कट्टा काढून तेथे तिकिटाची खिडकी बसवली जाते तेव्हा तेथे बसणाऱ्याला कोठे बसायचे हे कोणी सांगत नाही. ‘पुनर्विकासाने कोणाचेच बिघडले नाही’ या वाक्यातील ‘कोणाचेच’ या शब्दात तो माणूस धरलेला नाही.

कायद्याबद्दलही दावा अर्धवट आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने कलम 377 बाबत 2 जुलै 2009 रोजी दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी काढून घेतला होता. सुमारे साडेचार वर्षांत मिळालेले परत जाऊ शकते हे आम्ही पाहिले आहे. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने आम्ही गुन्हेगार नाही हे निश्चित झाले. त्या दिवसाचे मोल माझ्या मनात आयुष्यभर राहील. पण गुन्हेगार नसणे आणि घरात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कामाच्या ठिकाणी मोकळेपणाने राहता येणे यांत फार अंतर आहे. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. 2017 च्या रक्तदान मार्गदर्शक तत्त्वांनी समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांना रक्तदानातून वगळले. धंतोली, धरमपेठ, मनीषनगर, कोठेही भाड्याने घर शोधताना दोन पुरुषांना ‘बॅचलर’ म्हणून नकार मिळतो आणि नाते सांगितले तर त्याहून लवकर मिळतो.

वेगळी जागा मागणे म्हणजे समाजापासून तुटणे, असा आक्षेप नागपूरकराने घ्यावा याचे मला विशेष आश्चर्य वाटते. या शहरात जवळजवळ प्रत्येक समाजाचे भवन आहे. तेथे वधूवर मेळावे होतात, विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, गावाहून परीक्षेला आलेल्या मुलाला रात्र काढायला खोली मिळते. त्या समाजांना शहराने स्वीकारलेले आहे म्हणून त्यांची भवने आता पाडावीत, असे कोणी सुचवत नाही. मराठी ही राज्याची राजभाषा झाली तेव्हा विदर्भ साहित्य संघाला कोणी कुलूप लावायला सांगितले नाही. आणि अंबाझरी उद्यान परिसरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन 2021 मध्ये पाडले गेले, तेव्हा ते त्याच जागी पुन्हा उभे राहावे म्हणून याच शहरातील लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, दीर्घ आंदोलन केले. संविधानाने समान हक्क दिलेले आहेत, मग भवन कशाला, असे त्यांना म्हणणे किती अन्यायाचे ठरले असते हे नागपूरकराला समजावून सांगावे लागत नाही. तोच विचार आमच्या बाबतीत करावा, एवढेच माझे मागणे आहे.

प्राइडविषयी. नागपुरातील पहिला प्राइड मोर्चा 2016 मध्ये निघाला, म्हणजे आम्ही कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार असतानाच. तेव्हा निघणे अधिक कठीण होते, म्हणून आता निघणे अनावश्यक झाले असा निष्कर्ष काढता येत नाही. वर्षातील एक दिवस, काही तास, शहराचा रस्ता आमचा असतो; उरलेल्या दिवसांसाठी आमच्याकडे दुसरी कोणतीही जाहीर जागा नाही.

या जागेसाठी काय करता येईल याचा विचार कठीण नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात; अशी वेळ येईल तेव्हा आमच्या सूचना लेखी जायला हव्यात. महापालिकेची समाजभवने आणि वाचनालयांची सभागृहे तासाच्या माफक दराने, कोणत्या जातीची किंवा कुटुंबाची मंडळी आहेत हे न विचारता, कोणत्याही गटाला मिळावीत. उद्यानांचे पुनर्बांधकाम करताना काही भाग रात्री उशिरापर्यंत, उजेडासह आणि तिकिटाशिवाय खुला राहावा. ड्रॉप-इन सेंटरच्या भाड्याची तरतूद एचआयव्हीच्या प्रकल्पापासून वेगळी, समाजकल्याणाच्या अंदाजपत्रकात व्हावी, म्हणजे निधी आजारावर अवलंबून राहणार नाही आणि स्त्रियांनाही तेथे येता येईल. या सूचना घेऊन मी नगरसेवकांकडे आणि अभियंत्यांकडे जाईन तेव्हा मला लंडनच्या बंद बारांचा दाखला ऐकवला जाऊ नये, म्हणून हे लिहिले आहे.